जीव घाबरतो तेव्हा: सीओपीडीच्या पेशंटची भीती आणि उदासी घरच्यांनी कशी ओळखायची, कशी सांभाळायची

रात्रीचे दोन वाजले होते. आई पलंगाच्या कडेवर बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले. "मी चालले गं," एवढंच म्हणत होती. मी तिच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९३. तिचा रोजचा आकडा ९२-९३ च असतो. मला हायसं वाटलं आणि मी बोलून गेले, "आई, काही झालेलं नाही, ९३ आहे. उगाच घाबरू नकोस." तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून डोळ्यांपुढून जात नाही. तिला श्वास पुरत नव्हता आणि तिची मुलगी यंत्र दाखवून तिला खोटं पाडत होती.

आईने चाळीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. विडीला कधी हात लावला नाही, तरी साठीच्या आत सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन धाप लागत राहणाऱ्या फुफ्फुसांच्या जुनाट आजाराचं, निदान झालं. पंप आले, वाफेचं मशीन आलं, लशी झाल्या. मनाचं मात्र कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही. त्यात दीड वर्ष गेलं. त्या काळात आणि नंतर मानसोपचारतज्ज्ञ, छातीचे डॉक्टर आणि एक फार चांगल्या फिजिओथेरपिस्ट ताई यांच्याकडून जे शिकायला मिळालं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे डोस इथे सापडणार नाहीत. सीओपीडीच्या साधारण चारांतल्या एका पेशंटला नैराश्य असतं असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे, आणि घाबरण्याचा त्रासही तितकाच सर्रास आढळतो. टीबीनंतर फुफ्फुसं खराब झालेल्यांना आणि फुफ्फुसं घट्ट होत जाणाऱ्या आजारांच्या पेशंटनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

धाप आणि भीती एकमेकींना कशा चढवतात

हे आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. सीओपीडीत हवा आत जाते, बाहेर पडताना अडते. बारीक श्वासनळ्या सुजलेल्या आणि सैल पडलेल्या असतात. जोर लावून श्वास सोडला की त्या मिटतात. माणूस घाबरला की भराभर श्वास घेतो. आधीचा श्वास पुरता बाहेर पडायच्या आत दुसरा आत येतो. छातीत जुनी हवा साठत जाते, छाती फुगलेलीच राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. आई म्हणायची, "श्वास आत जातच नाही." फिजिओ ताईंनी तिला विचारलं, "मावशी, भरलेल्या हंड्यात पाणी कसं ओताल? आधी थोडं रिकामं करायला नको का?" त्या दिवसापासून आई 'हंडा रिकामा करते' असंच म्हणते.

ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन मोजतो. छातीचे स्नायू किती राबताहेत, फुगलेली छाती किती जड झाली आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून आकडा नेहमीचा असतानाही धाप खरी असते. "मनाचे खेळ आहेत" हे वाक्य घरातून कायमचं हद्दपार करा.

दुसरं चक्र याहून संथ चालतं. धाप लागते म्हणून माणूस चालणं टाळतो. न चालल्याने पायांचे स्नायू झडतात. झडलेल्या स्नायूंना तेवढ्याच कामाला जास्त हवा लागते, म्हणून पुढच्या वेळी धाप लवकर लागते. मग माणूस आणखी बसून राहतो, माणसांत जाईनासा होतो आणि मन खचतं.

आधी पाहा: दिवस कुठे कुठे आटला

'मला नैराश्य आलंय' असं म्हणत कुणी येत नाही. जीव नकोसा झालाय, कशातच राम वाटत नाही, पोटात खड्डा पडतो, छातीत धडधडतं, उगाच रडू येतं, अशा शब्दांत ते येतं. पुरुष बरेचदा तेही बोलत नाहीत. ते चिडतात, जेवणाला नावं ठेवतात, पंप फेकून देतात. विडी ओढलेल्या माणसाच्या मनात आणखी एक काटा असतो, 'हे मी माझ्याच हाताने ओढवून घेतलं.' तो काटा घरच्यांनी टोमणे मारून खोल रुतवू नये.

आईने आधी देवळाच्या पायऱ्या सोडल्या. मग आठवडी बाजार. मग हळदीकुंकवाला जाणं बंद झालं, कारण खोकला आला की बायका सरकून बसायच्या. टीबी आहे असं त्यांना वाटायचं. शेवटी एक दिवस म्हणाली, "तुळशीला तूच घाल पाणी." तिच्या खोलीपासून तुळस बावीस पावलांवर आहे. त्या वर्षीची फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, आदल्या वर्षीसारखीच आली होती. फुफ्फुसं होती तिथेच होती आणि दिवस मात्र आक्रसत चालला होता. असं दिसलं की मनाकडे पाहायची वेळ झाली असं समजा.

दोन आठवडे एका वहीत लिहा. काय करताना त्रास झाला, धाप ० ते १० मध्ये किती, भीती ० ते १० मध्ये किती आणि शांत व्हायला किती मिनिटं लागली. धाप आणि भीती यांचे आकडे वेगवेगळे विचारा, हीच या वहीची किल्ली आहे. आमच्या वहीत तुळशीपर्यंत चालण्याला धाप ५, भीती ४ होती. आंघोळीला धाप ५, भीती ९! विचारलं तेव्हा कळलं, "कडी लावली की वाटतं, आत काही झालं तर कुणाला कळणारच नाही." त्या दिवसापासून कडी बंद. दाराला पडदा, आत स्टूल, पाणी कोमट, खिडकी उघडी म्हणजे वाफ कोंडत नाही, आणि मी बाहेर उभी. आठवड्यात नवाचे पाच झाले, एकाही गोळीशिवाय.

वहीसोबत दोन प्रश्न विचारा, जे डॉक्टरही विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा आवडीच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का? उदास, निराश वाटलं का? प्रत्येकाला गुण द्या: कधीच नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांकडे पुढची तपासणी करून घ्या. भीतीसाठीही असेच दोन प्रश्न आहेत, अस्वस्थ किंवा ताणल्यासारखं वाटलं का, आणि काळजी थांबवता येत नाही असं झालं का. तिथेही ३ ची रेघ. हे निदान नव्हे. शिवाय थकवा, झोपमोड, भूक जाणं ही लक्षणं फुफ्फुसांच्या आजारातही असतात, त्यामुळे नुसत्या त्यांवरून ठरवता येत नाही. १९८३ मध्ये तयार झालेली 'हॅड्स' नावाची चौदा प्रश्नांची चाचणी शारीरिक लक्षणं मुद्दाम वगळून बनवली आहे. डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारायला हरकत नाही.

औषधांची पिशवी एकदा उपडी करा

हे बहुतेक घरांत राहून जातं. सगळ्या गोळ्या, पंप, कॅप्सूल घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि सरळ विचारा, 'यातल्या कशाने घाबरल्यासारखं होतं का?' आराम देणाऱ्या पंपातल्या साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, छाती धडधडते. थिओफिलिनच्या गोळ्या आपल्याकडे वर्षानुवर्षं चालू राहतात. त्यांनी धडधड, अस्वस्थता, निद्रानाश होतो, आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक सोबत आलं की रक्तातलं त्यांचं प्रमाण वाढतं. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी झोप उडते, काहींचा मूड पार बिघडतो. त्या सकाळी घ्यायच्या का हे विचारा. रोफ्लुमिलास्ट या सीओपीडीवरच्या गोळीने उदासी, चिंता आणि वजन घटणं हे त्रास होऊ शकतात. माँटेलुकास्ट या दमा-अ‍ॅलर्जीवरच्या गोळीवर अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये मनावरच्या परिणामांबद्दल सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

यातलं काहीही स्वतः बंद करू नका. पण त्रास कधी सुरू झाला आणि गोळी कधी सुरू झाली, या दोन तारखा शेजारी शेजारी लिहून न्या. पंप घ्यायची पद्धतही तिथेच दाखवा. आमच्याकडे आई पंप दाबून मग श्वास घेत होती, औषध सगळं जिभेवर. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावल्यावर फरक पडला.

धाप उठते त्या क्षणी

हे शांत असताना रोज दोनदा पाच-पाच मिनिटं घोटून घ्या. घाबरलेल्या माणसाला त्या वेळी नवीन काही शिकवता येत नाही.

बसवा. आडवं झोपवू नका. पाय जमिनीवर, अंग थोडं पुढे झुकलेलं, कोपर मांडीवर किंवा समोरच्या टेबलावरच्या उशीवर. हातांना आधार मिळाला की खांद्यांचे स्नायू श्वासाला मदत करतात. उभं असताना झालं तर भिंतीला पाठ टेकवा किंवा ओट्यावर हात टेकून वाका.

मग श्वास सोडण्याकडे लक्ष. नाकाने दोन आकडे होईपर्यंत आत, ओठांचा चंबू करून चार आकडे होईपर्यंत बाहेर. गरम चहावर हलकी फुंकर घालतो तशी. जोराने फुंकायचं नाही, नाहीतर नळ्या मिटतात. 'खोल श्वास घे, खोल श्वास घे' असं सांगू नका. आपण सगळे प्रेमाने हेच सांगतो आणि भरलेला हंडा आणखी भरतो. 'सोड... सोड... सावकाश सोड' असं म्हणा.

तिसरी गोष्ट पंखा. बॅटरीवर चालणारा हातातला छोटा पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरून नाक, ओठ आणि गालांवर वारा घ्यायचा. चेहऱ्याच्या नसांना गार हवा लागली की मेंदूला जाणवणारी धाप कमी होते. यावर अभ्यास झालेले आहेत. आईच्या उशाशी एक आहे, पिशवीत एक. लाइट गेली की हातपंखा.

डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तेवढे आराम देणाऱ्या पंपाचे डोस घ्या, वेळ लिहा. भीतीपोटी पुन्हा पुन्हा पंप मारला की धडधड वाढते आणि ती धडधडच नवी भीती होते.

घरच्यांचं काम थोडं आणि अवघड आहे. एकानेच जवळ बसायचं, बाकीच्यांनी खोलीबाहेर. दार-खिडकी उघडायची. प्रश्न विचारायचे नाहीत, कारण उत्तर द्यायला श्वास लागतो. हो-नाही मानेने चालेल. तिच्या पाठीवर हात ठेवून मी माझाच श्वास सावकाश, ऐकू येईल असा सोडत राहते. "माहीत आहे, श्वास पुरत नाहीये. मागच्या वेळी दहा मिनिटांत उतरलं होतं. मी इथेच आहे." त्या रात्री मला हे म्हणता यायला हवं होतं.

ऑक्सिजनचं मशीन घरी असेल तर भीती वाटते म्हणून त्याचा प्रवाह स्वतः वाढवू नका. काही पेशंटच्या शरीरात त्याने कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळी डोकं जड, दिवसा गुंगी, बोलण्यात गोंधळ असं दिसलं तर लगेच डॉक्टरांना कळवा.

घाबरणं की आजार उसळलाय?

भीतीची लाट अचानक येते, काही मिनिटांत टोकाला जाते, बोटांना-ओठांना मुंग्या येतात आणि वरच्या उपायांनी पंधरा-वीस मिनिटांत उतरायला लागते. आजार उसळतो तो बहुधा काही तासांत किंवा दिवसांत: कफ वाढतो, पिवळा-हिरवा होतो, ताप येतो, पंपाचा परिणाम टिकत नाही. दोन्ही एकदमही होऊ शकतात, म्हणून शंका असेल तर आजार धरूनच चाला.

ओठ-नखं निळसर पडणं, एक वाक्यही सलग न बोलता येणं, छातीत दुखणं, गुंगी किंवा बरळणं, किंवा ऑक्सिजन नेहमीपेक्षा बराच उतरून न चढणं, यातलं एक जरी दिसलं तरी श्वासाचे व्यायाम करत बसू नका. १०८ ला फोन करा. कितीच्या खाली दवाखाना गाठायचा तो आकडा आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. सीओपीडीच्या बऱ्याच पेशंटसाठी डॉक्टर ८८ ते ९२ ही पातळी चालवून घेतात, त्यामुळे निरोगी माणसाच्या ९८ शी तुलना करून घाबरू नका. बोट गार असेल, मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा चुकतो. आणि ऑक्सिमीटरची चाळवाचाळव थांबवा. आई दिवसातून तीसेक वेळा लावायची. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एवढंच ठरवून दिलं, मधल्या वेळी यंत्र माझ्या कपाटात.

चालणं हेही मनाचं औषध

पल्मनरी रिहॅबिलिटेशन नावाचा व्यायामाचा कार्यक्रम असतो, आठवड्यातून दोन-तीनदा, किमान सहा ते आठ आठवडे. त्याने दम वाढतोच, चिंता आणि उदासीही कमी होते. मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत आणि फिजिओथेरपी कॉलेजांत तो मिळतो. मला यावर एवढा विश्वास बसला आहे की परवडत असेल, जवळ असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तिथे नाव घाला असं मी सांगेन.

जवळ नसेल तर छातीच्या डॉक्टरांना विचारून घरी सुरू करा. धाप ० ते १० मध्ये ४ च्या आसपास येईल इतकंच चालायचं, थांबायचं, उतरली की पुन्हा. एका पावलाला श्वास आत, पुढची दोन पावलं बाहेर. वाकणं, उचलणं, पायरी चढणं, म्हणजे जोर लागेल तिथे श्वास सोडायचा. आईचं पहिलं ध्येय बावीस पावलं होतं. मी मध्ये अकराव्या पावलावर खुर्ची ठेवली. तीन आठवड्यांनी तिने ती स्वतःच बाजूला सरकवायला सांगितली.

उरलेल्या दिवसाची शक्ती राखून वापरा. भाजी निवडणं, कणीक मळणं बसून. भारतीय संडासात उकिडवं बसलं की धाप लागते, त्यासाठी कमोड खुर्ची घ्या. अवघड कामं सकाळच्या पंपानंतर. मात्र काळजीपोटी सगळीच कामं काढून घेऊ नका. लसूण सोलणं, नातवंडांचा अभ्यास घेणं, दूधवाल्याचा हिशेब, यातलं काहीतरी तिच्या हक्काचं राहू द्या. 'तू बस, आम्ही करतो' हे ऐकून ऐकून माणूस घरात पाहुण्यासारखा होतो.

मानसोपचार: केव्हा, कुणाकडे, काय विचारायचं

दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासी किंवा भीती टिकली, खाणं-झोप-औषधं घेणं यावर परिणाम झाला, की थांबू नका. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे काही आठवडे विशेष जपा. आयसीयूत राहून आलेल्या माणसाला रात्री तेच आठवत राहतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ वर फोन केला की दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं. समुपदेशनात विचार आणि वागणं यांवर काम करणारी पद्धत, म्हणजे सीबीटी, घाबरण्यावर उपयोगी पडते. 'श्वास लागला म्हणजे मी मरणार' हा विचार ती वहीतल्या पुराव्यासमोर ठेवून तपासायला शिकवते.

आई म्हणाली होती, "मी काय वेडी आहे का?" आम्ही तिला पटवत बसलो नाही. छातीच्या डॉक्टरांनीच सांगितलं, "ही धापेच्या उपचाराचीच पुढची पायरी आहे." त्यांच्या तोंडून ते पटलं. तुमच्याही डॉक्टरांना तशी विनंती करा.

गोळ्यांबद्दल तीन गोष्टी. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची सवय लागेल म्हणून लोक घाबरतात, पण त्या झोपेच्या गोळ्यांसारख्या नसतात. परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता थोडी वाढूही शकते, आणि बरं वाटलं म्हणून त्या अचानक थांबवायच्या नाहीत. वयस्कर माणसाला गोळी सुरू झाल्यावर अशक्तपणा, गोंधळ वाटला तर रक्तातलं सोडियम तपासायला सांगा. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्या शेजाऱ्याकडून किंवा मेडिकलमधून आणून देऊ नका. त्या श्वास मंदावू शकतात, रात्री तोल जाऊन पडायला होतं. डॉक्टरांनी दिल्याच तर 'सीओपीडी आहे, हे लक्षात घेऊन देताय ना?' असं विचारा. घरात विडी, सिगारेट किंवा मशेरी चालू असेल तर सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. तंबाखूने मन शांत होतं हा समज चुकीचा आहे. सोडल्यानंतरचे अवघड आठवडे गेले की चिंता कमीच होते.

'देवाने उचललं तर बरं', 'तुमच्यावर ओझं झालेय' अशी वाक्यं ऐकली तर विषय बदलू नका. जवळ बसून स्पष्ट विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही, उलट मनातलं बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर माणसाला एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा आणि कीटकनाशकं घरातून हलवा, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. रात्र असेल तर १४४१६ किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग.

जो रात्री जागतो त्याचं

माझी झोप वर्षभर उडालेली होती. आईने कूस बदलली तरी मी उठून बसायचे. शेवटी फिजिओ ताईंनी मलाच ते दोन प्रश्न विचारले आणि माझी बेरीज ४ आली. मग भावाला बोलावून रात्री वाटून घेतल्या: सोमवार ते गुरुवार मी, बाकी तीन तो. आईच्या उशाशी वायरलेस बेल ठेवली, म्हणजे जागं राहून कान देत बसावं लागत नाही. कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला आहे, त्यावर मोठ्या अक्षरांत: बसव, सोड म्हण, पंखा, पंप, वेळ लिही, १०८ केव्हा. भाऊ पहिल्या रात्री एकटा होता तेव्हा तो कागद वाचत वाचतच त्याने आईला शांत केलं. मी शेजारच्या खोलीत झोपले होते. मला सकाळी कळलं.